यहुदी आचार्य हिल्लेल

परधर्मातील सत्पुरुषांच्या कथा ऐकल्याने आपली निष्ठा पातळ होते, असे काही मंडळी म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. म्हणून या वेळी यरुशलेम नगरीतील एका फार जुन्या आचार्यांची ओळख वाचकांस करून देतो. त्यांचे नाव हिल्लेल. इसवी सनापूर्वीचे शेवटले शतक आणि सनाची पहिली काही वर्षे हा त्यांचा काळ. हेरोद राजाच्या अमदानीतले ते. यहुदी लोक आपल्याला अगदीच परके नव्हेत बरं का! अलिबागेकडच्या गावांत घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ ते हेच. घरात मराठी बोलत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या धर्मकथांवर त्यांनी मराठीत कीर्तनेही केली. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळजण इस्राएल देशी गेले. ते असो.

हिल्लेल जन्माने बाबिलोनचे. शिकण्याच्या ओढीने यरुशलेमला आले आणि मजुरी करून राहू लागले. दिवसाची मिळकत तुटपुंजी; तीतली अर्धी घरखर्चाला आणि अर्धी पाठशाळेच्या द्वारपालाला, कारण पैसे दिल्यावाचून तो आत सोडीत नसे. शमाया व अब्तल्योन हे दोघे गुरू तेथे शिकवीत. एका शुक्रवारी, ऐन हिवाळ्यात, काम मिळाले नाही. द्वारपालाने अडवले. हिल्लेल गपचूप छपरावर चढले आणि उजेडाच्या झरोक्यावर पालथे पडून आतले निरूपण ऐकू लागले. रात्री बर्फ पडू लागला. पहाटे शमाया सहाध्यायास म्हणाले की आज शाळेत अंधार कसा? वर पाहतात तो झरोक्यात माणसाची आकृती! अंगावर तीन हात बर्फ साचला होता. त्यांना खाली उतरवले, न्हाऊ घातले, तेल लावले, शेकोटीपुढे बसवले. तो शब्बाथचा, म्हणजे सर्व कामे वर्ज्य असलेला दिवस. पण अशा माणसासाठी शब्बाथ मोडला तरी चालेल, असे त्या गुरूंनी ठरवले.

हिल्लेलांची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट एका पायावरची. एक परधर्मी मनुष्य शम्माय नावाच्या दुसऱ्या आचार्यांकडे गेला आणि म्हणाला, मी एका पायावर उभा आहे तेवढ्यात सगळे शास्त्र सांगा, म्हणजे तुमचा धर्म घेतो. शम्माय कडक, हातातला गज उगारून त्यांनी त्यास हाकलले. तो हिल्लेलांकडे आला. त्यांनी सांगितले त्याचा भावार्थ असा, की स्वतःला जे सोसवत नाही ते दुसऱ्याच्या वाट्याला येऊ देऊ नये, एवढ्यात शास्त्र आले. बाकीचा ग्रंथ हा त्याचा विस्तार, आणि तो मात्र बसून शिकायला हवा. या उत्तराचा पहिला भाग जगभर सांगितला जातो. शेवटचा बहुतेकजण गाळतात. आमच्या मते खरी मेख तिथेच आहे. एका पायावर मिळते ते दार. आत जायला दोन्ही पाय लागतात.

त्यांना राग आणून दाखवीन, अशी एकाने चारशे झुझ नाण्यांची पैज लावली होती. शुक्रवारी हिल्लेल डोके धुवत असता हा दाराशी येऊन ओरडला. प्रश्न काय, तर बाबिलोनी लोकांची डोकी वाटोळी का! हिल्लेल अंगावर वस्त्र घेऊन बाहेर आले, प्रश्न मोठा आहे म्हणाले आणि उत्तर दिले, की तिथल्या सुइणी हुशार नाहीत. असे तीनदा झाले. शेवटी तो मनुष्यच चिडला, की तुमच्यापायी माझे चारशे गेले. त्यावर ते म्हणाले की चारशे काय, आणखी चारशे गेले तरी चालतील, पण हिल्लेल रागावणार नाही.

आता दुसरी बाजू ऐका, कारण ती यहुदी लोकांनीच लपवली नाही. एका वर्षी वल्हांडणाच्या सणाची पूर्वसंध्या शब्बाथच्या दिवशी आली. त्या दिवशी यज्ञाचे कोकरू कापावे की नाही, हे तेव्हाच्या मुख्य मंडळींस आठवेना. हिल्लेलांनी गुरूंच्या आधारे उत्तर दिले आणि लोकांनी त्यांस तेव्हाच आपला प्रमुख केले. मग मात्र ते त्या मंडळींस टोचून बोलू लागले, की तुम्ही थोरांची सेवा केली नाहीत म्हणून बाबिलोनच्या माणसाला वर बसवण्याची पाळी आली. लगेच कुणी विचारले, सुरी आदल्या दिवशी आणायची राहिली तर शब्बाथला कशी न्यावी? हिल्लेलांस आठवेना! त्यांनी कबूल केले की ऐकले होते पण विसरलो. लोक काय करतात ते उद्या पाहा. दुसऱ्या दिवशी यात्रेकरू आले तो कुणी सुरी कोकराच्या लोकरीत खोवलेली, कुणी करडाच्या शिंगांत अडकवलेली. जनावरच सुरी घेऊन चालले होते. ते पाहून हिल्लेलांस नियम आठवला. गर्वाने ज्ञान जाते, याला तालमूद ग्रंथात दाखला दिला आहे तो हिल्लेलांचाच. अडाणी यात्रेकरूंनी आचार्यांस धडा आठवून दिला, ही गोष्ट आम्हांस चारशे नाण्यांच्या कथेहून मोलाची वाटते.

त्यांनी केलेली एक व्यवस्था फार वादाची. शास्त्राप्रमाणे दर सातव्या वर्षी कर्जे सुटत. हेतू गरिबाच्या सुटकेचा. पण सातवे वर्ष जवळ आले की सावकार हात आखडते घेत आणि गरिबालाच बी-भाकरीला उसने मिळेना. हिल्लेलांनी ‘प्रोझबुल’ नावाचा लेख काढला. सावकाराने न्यायाधीशांपुढे लेख करून वसुलीचा हक्क राखावा, म्हणजे कर्ज बुडत नाही आणि देणारा देतो. शास्त्राची धार यात बोथट झाली हे खरेच, आणि तसा आक्षेप घेणारास आम्ही चूक म्हणणार नाही. पण वर्षातून चार महिने चूल विझलेल्या घरात बसून ज्याने विचार केला असेल, त्यास हा लेख कशासाठी होता ते कळेल.

पुढे हिल्लेल व शम्माय यांच्या शिष्यांचे दोन पंथ पडले. तीन वर्षे एका वादाचा निकाल लागेना. शेवटी आकाशवाणी झाली, की दोघांचेही बोलणे देवाचेच, पण आचार हिल्लेलांच्या पंथाप्रमाणे व्हावा. कारण काय सांगितले आहे? ते सौम्य होते, आणि शाळेत पाठ देताना शम्मायांचे मत आधी सांगत, आपले मागून.