फ्लशची टाकी वाहतेय? टाकी नव्हे, आधी वॉशर बदला

कमोडमध्ये दिवसभर बारीक धार दिसतेय? प्लंबरला फोन करण्याआधी टाकीचं झाकण उचला. पाणी मधल्या ओव्हरफ्लोच्या नळीत पडत असेल, तर दोष बॉल कॉकचा. त्याचा तरंगणारा फ्लोट थोडा खाली घ्या. पाणी नळीच्या तोंडाखाली इंचभर थांबलं की काम झालं. खर्च शून्य. पातळी ठीक असूनही धार सुरू असेल, तर टाकीत खाण्याचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर तळाचा वॉशर गेला.

मिनिटाला एक ग्लास गळती म्हणजे दिवसाला जवळपास २८८ लिटर. पाणीपुरवठ्याचं धरण उन्हाळ्यात आटतं आणि सोसायट्या टँकर मागवतात, तेव्हा हे पाणी तुम्ही विकत घेतलेलं असतं.

बोअर किंवा टँकरच्या पाण्याने वॉशरवर क्षार आणि गाळ बसतो. अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा नळ, बंद करा, टाकी रिकामी करा, वॉशर व्हिनेगरने पुसा. बऱ्याचदा एवढ्यानेच भागतं. अँगल कॉक जुना आणि घट्ट असेल तर जोर लावू नका. भिंतीतला पाइप तुटला तर खर्च हजारांत जातो. वॉचमनला सांगून गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून घ्या.

दुकानात जुना वॉशर सोबत न्या, साइझ वेगवेगळे असतात. वॉशर साधारण ३० ते १०० रुपये, बॉल कॉक १५० ते ४००, दोन बटणांच्या फ्लशचा पूर्ण सेट ५०० ते १,२००. प्लंबर २०० ते ५०० घेतो, काम अर्ध्या-पाऊण तासाचं. व्हिजिटचे पैसे मजुरीत धरलेत की वेगळे, हे फोनवरच विचारा. एमआरपीत सगळे कर आलेले असतात, त्यावर जीएसटी देऊ नका. टाकी वॉरंटीत असेल तर बिल शोधा आणि आधी कंपनीकडे तक्रार नोंदवा.

‘टाकीच बदलावी लागेल’ हे तडा दिसल्याशिवाय मान्य करू नका. टाकी भिंतीच्या आत असली तरी बटणाची प्लेट काढून आतले भाग बदलता येतात. टाइल्स फोडायला निघालेल्या माणसाला तिथेच थांबवा. जुना भाग मागून घ्या. टाकी दोनदा भरून थांबली, कमोडमध्ये धार दिसली नाही, मगच पैसे द्या.