शासकीय शाळा आणि खाजगी शाळा : तुलना कशी करावी?

गावात खाजगी शाळा सुरू झाली की पालकांपुढे प्रश्न उभा राहतो : मुलास शासकीय शाळेतच ठेवावे, की फी भरून खाजगी शाळेत घालावे? पुष्कळदा हा निर्णय गणवेश, इंग्रजी पाटी आणि परीक्षेतील गुण यांवरून घेतला जातो. परंतु फी भरू शकणारी कुटुंबे बहुधा अधिक शिकलेली व सुस्थितीतील असतात. म्हणून त्या मुलांच्या गुणांत शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, हे नुसत्या गुणपत्रिकेवरून समजत नाही.

हा भेद पारखण्यासाठी २००८ ते २०१२ या काळात तत्कालीन अविभाजित आंध्र प्रदेशातील १८० खेड्यांत एक प्रयोग करण्यात आला. इच्छुक पालकांकडून अर्ज घेऊन, सोडतीने निवडलेल्या मुलांना खाजगी शाळेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देण्यात आली. निवड सोडतीने झाल्यामुळे निवडलेल्या व न निवडलेल्या मुलांची घरची परिस्थिती सर्वसाधारणपणे सारखीच होती. कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन यांनी २०१५ साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

चार वर्षांनंतर तेलुगू व गणित या विषयांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हिंदीत मात्र शिष्यवृत्तीधारक पुढे होते. खाजगी शाळांनी तेलुगू व गणितास कमी वेळ देऊन उरलेला वेळ इतर विषयांना दिला होता. त्यांचा दर विद्यार्थ्यामागील खर्चही शासकीय शाळांच्या एक तृतीयांशाहून कमी होता. शासकीय शाळांतील शिक्षक अधिक प्रशिक्षित व अधिक वेतन घेणारे होते. खाजगी शाळांत शिक्षकांची गैरहजेरी कमी होती.

यावरून दिसते की, केवळ फी भरल्याने मातृभाषा व गणित अधिक चांगले येतेच असे नाही. त्याचप्रमाणे केवळ प्रशिक्षित शिक्षक नेमल्यानेही शाळेचे कर्तव्य पूर्ण होत नाही. शिक्षक रोज वर्गात असणे व त्याने वेळेचा पुरा उपयोग करणे अगत्याचे आहे.

तेव्हा शाळा निवडताना पालकांनी पुढील गोष्टी पाहाव्यात : तिसरीतील मूल पाठ्यपुस्तकातील उतारा समजून वाचते काय? हातच्याची वजाबाकी करते काय? प्रत्येक इयत्तेस स्वतंत्र शिक्षक आहे काय? शिक्षक नियमित येतात काय?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शासकीय शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. हे प्रश्न समितीच्या बैठकीत विचारण्याचा पालकांस अधिकार आहे. शाळा बदलण्यापूर्वी हा अधिकार वापरल्यास, ज्यांना फी परवडत नाही अशा शेजारच्या मुलांचेही हित साधेल.