गाडी नवी घ्यावी की जुनी?



रविवारच्या मिस्सानंतर कधी कधी एखादे कुटुंब आम्हाला चर्चच्या अंगणात बोलावते. नव्या गाडीला हार घातलेला असतो, मुले आधीच आत जाऊन बसलेली असतात. आम्ही प्रार्थना म्हणतो, पवित्र पाणी शिंपडतो. जुनी गाडी घेतलेली माणसे मात्र संकोचतात. "फादर, सेकंडहँडच आहे," असे हळूच सांगतात. हा संकोच कशासाठी? आशीर्वाद गाडीच्या किमतीला नसतो, तिच्यातून प्रवास करणाऱ्या माणसांना असतो.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाचा दाखला प्रभू येशूने दिला आहे (लूक १४:२८-३०). तो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. नाहीतर पाया घालून काम अडते आणि लोक हसतात. संत थॉमस अक्विनास यांनी सूज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या: सल्लामसलत, निर्णय आणि कृती. गाडी घेताना आपण बहुधा तिसऱ्या पायरीवरून सुरुवात करतो. आज आपण पहिल्या पायरीवर थोडे थांबू या.

गरज कोणती? पेण आणि रोहा ही दोन्ही ठिकाणे रेल्वेमार्गावर आहेत, एसटीही आहे. वर्षातून चार वेळा मुंबईला जाण्यासाठी गाडी घेण्याची गरज नाही. पण घरात आजारी माणूस असेल, किंवा धाटावच्या कारखान्यातील पाळी रात्री सुटत असेल, तर ती चैन नव्हे.

हिशेब काय सांगतो? समजा, पाच लाखांचे कर्ज दरसाल ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले. हप्ता सुमारे ८,०४५ रुपये येतो. ८४ हप्त्यांत आपण सुमारे पावणेसात लाख भरतो. शिवाय विमा, इंधन, टायर, सर्व्हिसिंग हे वेगळेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, म्हणून नवी गाडी आवाक्यात आल्यासारखी वाटते. पण हप्ता भरताना मुलांची फी थकणार असेल, तर ती गाडी अजून आवाक्यात आलेली नाही.

स्वस्त ते नेहमीच शहाणपणाचे नव्हे. जुन्या गाडीची किंमत कमी असते, कारण नवी गाडी पहिल्या काही वर्षांतच सर्वांत जास्त उतरते. तो तोटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. पण सुरक्षिततेचा विचार हवा. चालकासाठी एअरबॅग नव्या गाड्यांत १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये ती असेलच असे नाही. मुंबई-गोवा महामार्गावर रोज जाणाऱ्याने हे पाहिलेच पाहिजे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. बारा वर्षांची गाडी घेतली, तर तीनच वर्षांत तपासणी आणि नूतनीकरणाचा खर्च समोर येतो.

जुनी गाडी ओळखीच्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय विसार देऊ नये. आपल्या कोकणात एक तपासणी विशेष करावी: गाडी पुरात बुडाली होती का? पायाखालचा गालिचा उचलून चिखल आणि कुबट वास पाहावा, सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांचा गंज पाहावा. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, हेही वाचावे.

विकणाऱ्याचे कर्तव्य. आपल्यापैकी अनेक जण गाडी घेतात, तसे विकतातही, आणि पुष्कळदा आपल्याच माणसाला. संत थॉमस यांनी तेराव्या शतकात घोड्याचे उदाहरण दिले. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर ते गिऱ्हाइकाला दिसते. पण लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे, म्हणजे नुकसान वा धोका करणारा लपलेला दोष न सांगणे, हे अन्यायाचे आहे. आज घोड्याच्या जागी गाडी आली, एवढाच फरक. अपघात झालेली गाडी रंग देऊन, किलोमीटरचा काटा मागे फिरवून विकणे हे व्यवहारचातुर्य नव्हे, ती चोरी आहे. ब्रेकचा दोष लपवला, तर गोष्ट जिवाशी येते.

कागदही खरे असावेत. विक्रीनंतर १४ दिवसांच्या आत विकणाऱ्याने आरटीओला कळवावे. आपल्या एमएच ०६ गाड्यांचे कार्यालय पेणलाच आहे. घेणाऱ्याने गाडी आणि विमा वेळेत आपल्या नावावर करून घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की, नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्याची. "आपलाच माणूस आहे, करू सावकाश," या बोलण्याने पुढे दोन्ही घरे अडचणीत येतात.

तेव्हा नवी की जुनी, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. हिशेब प्रामाणिक असावा आणि तोंडातील शब्द खरा असावा, हे मात्र सर्वांना लागू आहे.

घरी बसून चर्चा करा

१. ही गाडी आपण गरजेसाठी घेत आहोत की शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी?
२. सहा महिने पगार थांबला, तर हप्ता कोठून देणार?
३. आपण विकलेल्या गाडीत आपली स्वतःची मुले निर्धास्तपणे बसवू का?

आणि हो, जुनी गाडी घेतलीत तरी अंगणात जरूर आणा. पवित्र पाणी तेच आहे, प्रार्थनाही तीच. प्रभू तुमच्या जाण्यायेण्याचे रक्षण करो.