कर्करोगाचे बिल आणि विम्याचा कागद

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांत आता आरोग्य विम्याची पॉलिसी पुष्कळांकडे आहे. कोणी स्वतः हप्ता भरतो, कोणाला मुलाच्या कंपनीकडून मिळालेली आहे. विचारले तर प्रत्येकजण एकच आकडा सांगतो, तीन लाखांची किंवा पाच लाखांची. कापडाच्या धंद्यात थानावर लिहिलेला मीटरचा आकडा वाचून कोणी पैसे मोजत नाही. थान उलगडून मोजतात, पन्हा पाहतात, धुतल्यावर किती आटेल ते विचारतात. पॉलिसीवरचा आकडाही असाच तपासून घ्यावा लागतो, आणि कर्करोगाच्या बाबतीत तर अधिकच.

विमा घ्यावा की नाही याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. ज्याच्या मनात शंका असेल त्याने आपल्या जाणकार मुफ्तींना विचारावे. येथे फक्त कागद कसा वाचावा एवढेच सांगायचे आहे.

आपल्याकडे मेडिक्लेम १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी सुरू केले. त्याचा पाया असा की, रुग्ण चोवीस तास दवाखान्यात भरती झाला तर खर्च मिळेल. कर्करोगाचे बिल मात्र निराळ्या घडणीचे असते. आधी तपासण्या आणि बायॉप्सी, मग ऑपरेशन, मग काही आठवड्यांच्या अंतराने केमोथेरपी, मग रेडिएशन, आणि पुढे वर्षानुवर्षे तपासण्या व गोळ्या. यातला मोठा भाग भरती न होताच होतो. केमो आणि रेडिएशन यांना आता 'डे केअर' उपचार मानतात, म्हणून त्यासाठी रात्रभर राहण्याची अट नसते. पण केवळ तपासणीसाठी भरती झाल्यास खर्च मिळत नाही. बायॉप्सी आणि स्कॅनचे पैसे मिळतात ते पुढे त्याच आजारासाठी भरती झाली तर, आणि तेही बहुतेक पॉलिसींत भरतीच्या आधीच्या तीस दिवसांतले. भरतीनंतरचे साधारण साठ दिवस धरतात. स्तनाच्या कर्करोगात काही स्त्रियांना हार्मोनच्या गोळ्या पाच वर्षे किंवा अधिक घ्याव्या लागतात. साठ दिवसांनंतरच्या गोळ्या घरच्याच पैशाने आणाव्या लागतात, हे आधीच हिशेबात धरलेले बरे.

तोंडाने घेण्याची केमो, इम्युनोथेरपीची इंजेक्शने, रोबोटने केलेले ऑपरेशन अशा बारा नव्या उपचारपद्धती कंपन्यांना नाकारता येणार नाहीत, असे विमा नियामकाने २०१९ साली ठरवून दिले. मात्र त्यावर मर्यादा घालण्याची मुभा ठेवली. २०२० साली सर्व कंपन्यांनी आणलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत ही मर्यादा विमा रकमेच्या निम्मी आहे. म्हणजे पाच लाखांच्या पॉलिसीत अशा उपचाराला अडीच लाख. इम्युनोथेरपीची इंजेक्शने फार महाग असतात, तेव्हा एजंटला पहिला प्रश्न हाच विचारावा.

दुसरी गोष्ट खोलीभाड्याची. येथे सर्वांत जास्त लोक फसतात. समजा पॉलिसी पाच लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे रोज पाच हजार. घरच्यांनी आग्रह करून आठ हजारांची खोली घेतली. लोकांना वाटते, रोजचे तीन हजार आपण देऊ, बाकी कंपनी देईल. तसे होत नाही. सर्जनची फी, भूल देणाऱ्याची फी, ऑपरेशन थिएटरचे भाडे, हे सर्व पाचास आठ या प्रमाणात कापले जाते. हा खर्च दोन लाख झाला तर मंजूर होतील एक लाख पंचवीस हजार. पंचाहत्तर हजार खिशातून जातात, आणि खोलीचा फरक वेगळा. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवायच्या वस्तू यांवर अशी कपात करता येत नाही. बिलात तशी कपात दिसली तर हरकत घ्यावी. भरती करण्याच्या आधी विम्याच्या खिडकीवर जाऊन कोणती खोली मर्यादेत बसते ते विचारणे, हा या सर्वावरचा सोपा उपाय आहे.

आता प्रस्ताव अर्जाबद्दल. तंबाखू, गुटखा, मावा, मिश्री, विडी यांतले काही असेल तर अर्जात लिहावे. एजंट म्हणतो, "कशाला लिहिता, हप्ता वाढेल." पुढे तोंडाचा कर्करोग निघाला की दवाखान्याच्या केसपेपरवर डॉक्टर पहिली ओळ तंबाखूचीच लिहितो. कंपनी दोन्ही कागद शेजारी ठेवते आणि दावा नाकारते. सही आपली असते, एजंटची नव्हे. मालातला दोष गिऱ्हाइकाला दाखवून विकावा असे आपण मानतो, तो नियम येथेही लागू आहे. पॉलिसी सलग साठ महिने चालली की, सिद्ध झालेला फसवणुकीचा प्रकार सोडून, लपवल्याचे कारण देऊन कंपनीला दावा नाकारता येत नाही. आधीपासून असलेल्या आजाराचा प्रतीक्षा काळही आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. पण हे दोन्ही फायदे सलगपणाचे आहेत. मंदीच्या वर्षात हप्ता चुकवला आणि सवलतीचे दिवसही उलटले की सगळे पुन्हा पहिल्यापासून. एकदा दावा घेतला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, म्हणून उपचार चालू असताना तर पॉलिसी मुळीच सोडू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही उठला आहे.

मेडिक्लेम दवाखान्याचे बिल भागवते. दुकानाचे भाडे, नोकराचा पगार, बाजारातली उधारी ते भागवत नाही. शिंपी किंवा कारागीर असेल तर हात थांबला की रोजी थांबली. त्यासाठी गंभीर आजाराची वेगळी पॉलिसी असते. ती निदान झाल्यावर एकरकमी पैसे देते आणि ते कशाला खर्चावे हे विचारत नाही. तिच्यात सुरुवातीचे साधारण नव्वद दिवस धरत नाहीत, आणि अगदी प्राथमिक अवस्थेतला, जागेवरच असलेला कर्करोग बहुधा वगळलेला असतो. ज्याचे घर एका माणसाच्या कमाईवर चालते त्याने पाच लाखांचे दहा लाख करण्याआधी हिचा विचार करावा, असे माझे मत आहे.

आपल्या मुळशी तालुक्यातच हिंजवडी येते. तेथील कंपन्यांत ज्यांची मुले नोकरीला आहेत, त्यांना कंपनीच्या सामूहिक पॉलिसीत आईवडिलांसाठीही संरक्षण मिळू शकते. ते चांगलेच आहे, पण नोकरी सुटली की तेही सुटते. नोकरी सोडतानाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करावा. नाहीतर साठीच्या वयात, आजार अंगावर असताना, नव्याने दार ठोठवावे लागते.

ज्याच्याकडे काहीच पॉलिसी नाही त्यानेही हातपाय गाळू नयेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली. तेव्हा ती पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवाल्यांची होती, आणि पौड-पिरंगुटकडचे दुकानदार अजूनही तिला गरिबांचीच समजतात. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती सर्व कुटुंबांना खुली झाली, पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही, आणि मर्यादा दीड लाखांवरून वर्षाला कुटुंबामागे पाच लाख झाली. कर्करोगाची ऑपरेशने, केमो आणि रेडिएशन तिच्यात आहेत, मात्र ठरवून दिलेल्या पॅकेजप्रमाणे आणि योजनेतल्या दवाखान्यातच. आधी खासगीत पैसे भरून मागाहून ते मिळत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी शिधापत्रिका आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटावे, किंवा १५५३८८ या क्रमांकावर कोणता दवाखाना योजनेत आहे ते विचारावे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान योजनेत उत्पन्न न पाहता पाच लाखांचे कार्ड मिळते.

दावा नाकारला गेला तर तोंडी उत्तरावर परत येऊ नये. पॉलिसीच्या कोणत्या कलमाने नाकारला ते लेखी मागावे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा पटले नाही, तर पुण्यात नारायण पेठेत विमा लोकपालाचे कार्यालय आहे. तेथे फी नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात. मुदत कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाची आहे. नकाराचे पत्र आले त्या दिवशीच त्यावर तारीख घालून ते पॉलिसीच्या फाइलीत लावावे.