सातबाऱ्याखालचे लिथियम कोणाचे?

प्रश्न : शेताखाली लिथियम सापडले, तर परवाना तहसीलदारांकडे मागायचा का?
– एक शेतकरी, लोहारा, जि. धाराशिव

उत्तर : तहसीलदार मुरमापुरते. 2023च्या कायदादुरुस्तीनंतर लिथियमसह 24 खनिजांच्या खाणपट्ट्यांचा लिलाव केंद्र सरकार करते. महसूल राज्याला मिळतो. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर असला, तरी जमीन महसूल संहितेचे कलम 48 खनिजाचा हक्क सर्वसाधारणपणे शासनाकडे ठेवते.

पैशांची ददात नाही. जानेवारी 2025मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानासाठी 16,300 कोटींची तरतूद आहे.

लोहाऱ्याची खरी अडचण दगडाची. शेजारच्या किल्लारीत 1993च्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधनविवरात 338 मीटर बेसाल्ट भेदावा लागला, तेव्हा कुठे लिथियमची शक्यता असलेला खालचा प्राचीन खडक हाती आला.

त्यामुळे ‘तुमच्या रानात लिथियम आहे’ म्हणत सर्वेक्षणाचे पैसे मागणाऱ्याला दमडीही देऊ नये.