आधी ओळखा, मग मारा
(आमच्या परसबागेतील किडी)



आपल्या पेण-रोह्याकडे भात कापले की जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात. आमच्या शाळेच्या परसबागेतही वालाचे दोन वाफे आहेत. शिवाय झेंड्याच्या कट्ट्याजवळ जास्वंद, नळापाशी कढीलिंब, कोपऱ्यात चार वांगी आणि पावसाळ्यात कुंपणावर काकडी व शिराळी असतात. गेल्या वर्षी वालाची देखरेख माझ्याकडे होती. तेव्हा माझ्या हातून एक चूक झाली. ती लपवण्यापेक्षा भिंतीवर लावलेली बरी, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून होणार नाही.

झाले असे. वालाला फुले आली आणि कोवळे शेंडे काळे दिसू लागले. जवळ जाऊन पाहिले तर मोहरीपेक्षा लहान असे काळे किडे दाटीवाटीने बसलेले. हाच मावा. त्यांच्यामध्ये मला आणखी काही वेगळे किडे दिसले. रंग काळपट, अंगावर नारिंगी ठिपके, सहा पाय, आणि दिसायला इवल्याशा मगरीसारखे! मला वाटले, हेच आपले शेंडे खातात. मधल्या सुट्टीत मी ते सगळे वेचले आणि चपलेने चिरडले. मग मोठ्या ऐटीत गुरुजींना सांगायला गेले.

गुरुजींनी एक उरलेला किडा भिंगाखाली धरला आणि म्हणाले, "अगं, ही ढालकिड्याची अळी. ही वाल खात नाही, मावा खाते. तू चोर सोडलेस आणि राखणदार मारलेस."

आठ दिवसांत मावा शेंड्यावरून शेंगांवर उतरला. शेंगा वाकड्या झाल्या, चिकट झाल्या. शाळेच्या पोपटीसाठी आमच्या वाफ्यातल्या शेंगा घालायच्या ठरल्या होत्या. मडके आणले, भांबुर्डीचा पाला आणला, पण शेंगा मात्र दुसऱ्यांच्या शेतातून मागून आणाव्या लागल्या. मला तर घास गोड लागेना. घरी आजी म्हणाली, "काय केलंस गो पोरी! आधी विचारायचं तरी." तेव्हापासून मी आधी विचारते, आणि नीट पाहते.

मावा इतका का वाढतो?

माव्याची मादी नराशिवायही पिल्ले देते, आणि अंडी न घालता थेट पिल्ले देते. ती पिल्ले आठवड्याभरात मोठी होऊन स्वतः पिल्ले देऊ लागतात. मावा सोंडेने झाडाचा रस शोषतो आणि गोड, चिकट पाणी बाहेर टाकतो. त्या गोडीसाठी मुंग्या येतात आणि माव्याची राखण करतात. झाडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली की वर मावा किंवा त्याचा भाऊबंद आहे का ते पाहावे. त्या चिकट पाण्यावर पुढे काजळीसारखी काळी बुरशी धरते.

ढालकिडा कसा ओळखावा?

याला शहरात लेडीबर्ड म्हणतात. पाठ अर्ध्या वाटाण्यासारखी फुगीर व गुळगुळीत असते. आपल्याकडच्या एका जातीचा रंग नारिंगी असून त्यावर काळी नागमोडी नक्षी असते. अंडी पिवळी, पानावर उभी चिकटवलेली असतात. अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. अळी आणि भुंगा दोघेही मावा खातात.

पण सगळेच ढालकिडे गुणी नसतात हं! वांग्यावरचा ढालकिडा पान खरवडून त्याची जाळी करतो. त्याच्या अंगावर बारीक लव असते, पाठ चकाकत नाही आणि ठिपके पुष्कळ असतात. तो मात्र अंड्यांसकट वेचून साबणाच्या पाण्यात टाकावा.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडतो. कळ्यांच्या देठाशी कापूस लावल्यासारखा दिसतो. गणपतीला जास्वंदीचे फूल लागते, म्हणून घरोघर याचा त्रास ठाऊक आहे. याला खाणारा एक ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याचे नाव क्रिप्टोलेमस. गंमत म्हणजे त्याची अळीही पांढरी, कापसासारखीच दिसते! ती पिठ्या ढेकणापेक्षा मोठी, लांब झुलपांची आणि चपळ असते. म्हणून हात लावण्याआधी थोडा वेळ थांबून पाहावे.

आम्ही काय उपाय करतो?

१) आठवड्यातून दोनदा पानाची खालची बाजू पाहतो. कीड बहुधा तिथेच असते.
२) थोडा मावा असेल तर शेंडा पाण्याच्या धारेने धुतो. फार झाला असेल तर शेंडा खुडून टाकतो.
३) काकडी व शिराळीच्या रोपांवर तांबडे भुंगेरे येतात आणि पानांना भोके पाडतात. पाने दवाने ओली असताना, सकाळी, चुलीची गार राख चाळून भुरभुरतो. पावसाने धुतली की पुन्हा टाकतो.
४) कढीलिंबावरील अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी आणि मग हिरवीगार दिसते. डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगे काढते. तिचे पुढे सुंदर फुलपाखरू होते. एखाद-दुसरी असेल तर राहू देतो, जास्त असतील तर हाताने वेचतो.
५) पिठ्या ढेकूण जुन्या दातांच्या ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासून काढतो.
६) एवढ्याने भागले नाही तरच एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा साबण घालून मोठ्यांकडून फवारून घेतो. आधी एका फांदीवर करून पाहतो. फवारणी संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर करतो. ज्या शेंड्यावर ढालकिड्याच्या अळ्या आहेत तो शेंडा सोडून देतो, कारण निंबोळी त्यांनाही बाधते.

पालकांना एक विनंती

विषारी औषधाच्या बाटलीवर एक रंगीत खूण असते. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळी, निळी आणि हिरवी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. परसातल्या चार वेलींसाठी असे औषध घरात आणू नये. पाण्याच्या बाटलीत तर कधीच ओतून ठेवू नये. किडीची ओळख पटत नसेल तर रोह्याजवळ किल्ला येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. कीड लागलेली फांदी पिशवीत घालून तेथे दाखवावी.

यंदा मी एका शेंड्यावर ढालकिड्याच्या दोन अळ्या सोडल्या आणि शेजारचा शेंडा तसाच ठेवला. पाचव्या दिवशी पहिल्या शेंड्यावर मावा शोधावा लागला, तर दुसरा काळा झाला होता. मग तिथेही दोन अळ्या नेऊन सोडल्या. यंदाच्या पोपटीत शेंगा आमच्याच वाफ्यातल्या होत्या.

सांगा पाहू :
१) झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर काय ओळखाल?
२) चांगला ढालकिडा व वांग्यावरचा ढालकिडा यांत फरक कोणता?
३) तुमच्या परसातील एका झाडाची पाने उलटून पाहा. काय दिसले ते वहीत लिहून आणा.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी