गोळा फुफूचा, ताकद रश्श्याची

आपल्या घरात दात पडलेली आजी भाकरी बाजूला सारते आणि चहात बिस्किट बुडवून दिवस काढते. तान्ह्या भावंडाच्या पाठीवरच्या मुलाला घाईत नुसती पेज नाहीतर नुसता भात भरवला जातो. वस्तीत फिरताना आम्हाला हे दारोदारी दिसते. म्हणून या वेळी आम्ही आफ्रिकेतल्या एका पदार्थाची माहिती देत आहोत. नाव आहे फुफू.

फुफू म्हणजे काय?

घाना, नायजेरिया या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांत जेवणात मऊ, वाफाळता गोळा असतो. बोटांनी घास तोडायचा, अंगठ्याने खळगा करायचा, रस्सा घ्यायचा आणि फारसे न चावता गिळायचा. दक्षिण घानात हा गोळा उकडलेला कसावा आणि भाजीची केळी उखळात कांडून करतात. कसावा म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद. पोट भरते, पण त्यात प्रथिने फार थोडी.

उत्तरेकडे पाऊस कमी. तिथे ज्वारी, बाजरी, मका पिकतो आणि गोळा पिठाचा होतो. घानात त्याला तुओ झाफी म्हणतात, नायजेरियातले हौसा लोक तुवो म्हणतात. गव्हाच्या पिठाच्या गोळ्यालाही आता सर्रास फुफूच म्हणतात. ज्वारी-बाजरी ही धान्ये मुळात आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. म्हणजे हा पदार्थ परका असला तरी त्याचे पीठ आपल्या डब्यातलेच आहे.

घरी कसा करायचा?

एक वाटी ज्वारीचे किंवा बाजरीचे पीठ घ्या. चाळू नका, कोंडा राहू द्या. बाजरीचे पीठ लवकर कडवट होते, म्हणून थोडेच दळून आणा.

1. दोन वाट्या पाणी उकळत ठेवा. चवीपुरते मीठ घाला.
2. दोन चमचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात कालवा. गुठळी राहू देऊ नका. हे उकळत्या पाण्यात ओतून ढवळा, पातळ पेज होईल.
3. त्यातली वाटीभर पेज बाजूला काढा.
4. आच मंद करा. उरलेले पीठ थोडे थोडे घालत लाकडी उलथन्याने भांड्याच्या कडेला दाबून घोटा.
5. घट्ट झाले की काढलेली पेज लागेल तशी घाला आणि पुन्हा घोटा. झाकण ठेवून पाच-सात मिनिटे वाफ येऊ द्या. कच्च्या पिठाचा वास गेला की झाले.
6. ओल्या वाटीत घोळवून दोन गोळे करा. एका गोळ्यात साधारण एका लहान भाकरीचे पीठ असते.

गव्हाच्या पिठाला पाणी थोडे कमी लागते.

गोळा एकटा नको

घानाची राजधानी अक्रा. तिथल्या गा भाषेत एका आजाराचे नाव आहे क्वाशिओरकोर. दुसरे बाळ आले की आधीच्या मुलाचे अंगावरचे दूध तुटते, तेव्हा त्याला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. पाय सुजतात, केस पिंगट होतात, कातडी सोलते, मूल किरकिरते. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी 1933 मध्ये या आजाराबद्दल लिहिले आणि 1935 मध्ये तिथल्या आयांचेच नाव वैद्यकशास्त्रात आणले. ही मुले मुख्यतः मक्याच्या पेजेवर वाढत होती. या आजाराला एकच कारण नसते, पण नुसत्या पिठावर मूल पोसत नाही हे त्या आयांनी ओळखले होते. सूज असलेले मूल गुटगुटीत वाटते, त्याला फसू नका. दोन्ही पायांवर अंगठा दाबून खळगा राहिला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

म्हणून तिकडे गोळ्याबरोबर रस्सा असतोच: शेंगदाण्याचा, चवळीचा, भेंडीचा, अंबाडीच्या पाल्याचा, सुक्या मासळीचा. आपल्याला यातले काय नवीन आहे? कांदा-टोमॅटो परतून मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट घाला, पालेभाजी चिरून टाका आणि शिजवा. अंडे, सुकट, डाळ, जे जमेल ते द्या. वरून लिंबू पिळा, धान्यातले लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, त्याने लोह कमी मिळते.

कोणी जपायचे?

शुगर असणाऱ्यांनी: न चाळलेले पीठ मैद्यापेक्षा चांगले, पण तेही साखर वाढवतेच. मऊ घास भराभर जातो आणि दोन गोळे कधी संपले कळत नाही. एकच गोळा घ्या, भाजी-डाळ जास्त घ्या, सावकाश खा. गोळी किंवा इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका.

लकवा झालेल्यांनी: पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा घास तोंडातच राहत असेल, तर हा चिकट गोळा देऊ नका. घशात अडकून जीव जाऊ शकतो. काय द्यावे ते डॉक्टरांना विचारा. कुठल्याही आजारी माणसाला आडवे ठेवून भरवू नका, बसवून भरवा.

बाळांनी: सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध. त्यानंतर गोळा गरम डाळीत किंवा रश्श्यात पूर्ण कुस्करून, तिखट न घालता, वर अर्धा चमचा तेल घालून द्या. दुसरे बाळ आले तरी मोठ्याची वाटी आधी भरा.

आजीला, मुलाला, कामावरून आलेल्या बाईला एकाच भांड्यातले हे जेवण चालते. फक्त ताटात पाहायची सवय लावा: गोळ्याशेजारी डाळ किंवा शेंगदाणा आहे का? पाला आहे का? दोन्ही असतील तरच ते जेवण झाले.